कचरूअण्णांची दुसरी आवृत्ती

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी मेथी निवडत बसले होते. बेल वाजली. दार उघडलं, तर पाच वर्षांपूर्वी वारलेले कचरूअण्णा काठी टेकून उभे.

"पाणी दे," ते म्हणाले. "जिना चढून आलोय. लिफ्ट बंद हाय तुमची."

भूत लिफ्टची तक्रार करत नाही एवढं मला कळत होतं. तरी आधी पायांकडे बघितलं. पावलं उलटी नव्हती. डाव्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो तारेने बांधला होता. मग माझी खात्रीच पटली. चार एकर जमीन बिल्डरला देऊन तारेची चप्पल घालणारा माणूस उभ्या वाघोलीत दुसरा नव्हता.

पाणी पिऊन त्यांनी मिशा पुसल्या, पिशवीतून माझं पुस्तक काढलं आणि पान एक्केचाळीस माझ्यापुढे धरलं.

"वाच."

"अण्णा, तुम्ही बसा तरी."

"बसलोय. वाच."

मी वाचलं. "विहीर क्रमांक अकरा. ही विहीर कै. कचरूअण्णा यांची. बहात्तरच्या दुष्काळात ती सगळ्यांना खुली होती. अण्णा स्वभावाने उदार होते. सन २०१९ मध्ये त्यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी श्रीमती जयाबाईही गेल्या."

"वृद्धापकाळानं," अण्णा म्हणाले. "म्हंजे धड आजारसुदीक दिला न्हाईस मला."

अण्णांच्या आधीची त्यांच्या आईची दोन मुलं गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं. यमाने बघावं आणि कचरा म्हणून पुढे जावं, असा त्यात हिशेब. यम ब्याऐंशी वर्षं पुढे जात राहिला. मी मात्र थांबले होते.

हे कसं झालं ते सांगायला हवं. त्यात माझी चूक आहेच, पण ती चूक मी फार काळजी घेऊन केलेली आहे.

पुस्तकाचं नाव 'वाघोलीच्या सत्तावीस विहिरी'. गावात आता सगळीकडे बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या झाल्या, त्यांना टँकरने पाणी येतं, आणि कुठल्या सोसायटीच्या पार्किंगखाली कुठली विहीर बुजवली आहे हे मला पाठ आहे. एकदा हे मी उल्काताईंना सांगितलं. सदाशिव पेठेत मी तीस वर्षं पालेभाजी विकली. उल्काताई तिथेच राहतात. पेठेतल्या एका मोठ्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचं कार्ड लिहिण्याची नोकरी त्यांनी आयुष्यभर केली. निवृत्त झाल्यावर कार्ड लिहायला पुस्तकं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी मला धरलं. दुपारी टोपली रिकामी झाली की त्यांच्या जिन्यात बसून मी अक्षरं गिरवायची. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. पुढे त्याच म्हणाल्या, विहिरींचं लिहून काढा. चार वर्षं लागली.

ताईंचा एक नियम होता. कुठलीही गोष्ट तीन ठिकाणांहून कळल्याशिवाय पुस्तकात घ्यायची नाही. चपलांच्या खोक्यात मी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. एक माणूस बोलला की चिठ्ठीवर एक खूण. तीन खुणा झाल्या की मजकूर पक्का.

तर २०१९ साली मी बसने पेठेत निघाले होते. केसनंद फाट्यावर बस थांबली. चौकात भला मोठा फ्लेक्स. त्यावर अण्णांचा फोटो, फोटोला झेंडूचा जाड हार, आणि खाली हात जोडलेली अकरा माणसं, काही गॉगल लावून. मी वाचायला लागले. माझं वाचन सावकाश. 'आपल्या सर्वांचे लाडके' इथवर आले आणि बस सुटली.

शेजारी इंदुबाई बसली होती. आम्ही दोघी एकाच वर्षी सुना म्हणून या गावात आलो. तिला म्हटलं, "कचरूअण्णा गेले वाटतं."

"आगं बाई," ती म्हणाली, "कवा?"

एवढंच आमचं बोलणं झालं. अण्णा त्याआधी दहा वर्षांपासून बिबवेवाडीला मुलाकडे, मच्छिंद्रकडे, राहत होते. गुडघ्यामुळे गावात येणं बंद होतं. पुढच्या आठ दिवसांत मला तीन माणसांनी आपणहून सांगितलं की कचरूअण्णा गेले. मी चिठ्ठीवर तीन खुणा केल्या. त्या तिघांना इंदुबाईने सांगितलं होतं, आणि इंदुबाईला मी सांगितलं होतं, हे लक्षात यायला पाच वर्षं जावी लागली आणि खुद्द अण्णा यावे लागले.

"त्यो सत्कार होता माझा," अण्णा म्हणाले. "तालमीला दोन गुंठे जागा दिली म्हणून. जन्मात एकदा कायतरी फुकट दिलं, तर तू मला पोचवलंस."

"मग जयावहिनी गेल्या तेव्हा..."

"तेव्हा करोना होता. चौघं हुतो आम्ही. कोण येणार?"

बरोबर होतं. अण्णांची बायको गेल्याची ती बातमी मला फोनवर कळली होती, आणि तीही इंदुबाईकडून.

मी म्हटलं, "अण्णा, चुकलं. शंभर प्रती छापल्यात. घरोघर जाऊन दुरुस्त करते."

"ते मी केलंय." त्यांनी खिशातून निळं बॉलपेन काढलं. "चार दिस रिक्षा करून फिरतोय. त्र्याहत्तर घरं झाली. पयला 'कै.' खोडतो, मग त्यो वृद्धापकाळ खोडतो, मग शेजारी सही करतो. घरटी च्या पाजत्यात. इंदूनं तेवढं दार उघडलं न्हाई. जाळीतनंच पुस्तक दिलं बाहीर, आन् म्हणाली, 'पायजे तर ठेवून घ्या, पर आत येऊ नगा.'"

"मग झालंच की."

"न्हाई झालं. कलकत्त्याचं ऱ्हायलंय."

तिथे माझी बोटं मेथीतच थांबली. अण्णांच्या नातीने, ऋतुजाने, त्यांना वाचून दाखवलं होतं. पुस्तकाच्या शेवटी उल्काताईंनी माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं होतं: 'या पुस्तकाची प्रत कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा केली आहे.' आणि नातीने आजोबांना समजावलं होतं की तिथलं पुस्तक कधीच फेकत नाहीत. गावातली पुस्तकं वाळवी खाईल, रद्दीत जातील. कलकत्त्याचं राहणार.

"आपण सगळे गेल्यावर तेवढंच ऱ्हानार," अण्णा म्हणाले. "आन् त्यात मी आधीच मेलेला. ते काढून आण."

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही सदाशिव पेठेत गेलो. उल्काताईंचे यजमान श्यामसुंदरराव दारातच वर्तमानपत्र वाचत होते. बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून ते तिथेच बसलेले असतात. मी ओळख करून दिली. त्यांनी चष्म्यावरून अण्णांकडे बघितलं.

"पान एक्केचाळीस का?" ते म्हणाले. "या. प्रकृती सुधारलेली दिसते."

उल्काताईंना मी सगळं सांगितलं. फ्लेक्स, बस, इंदुबाई, तीन खुणा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सोजरबाई, तीन ठिकाणांहून म्हणजे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून. एकाच नळाच्या तीन तोट्या नव्हेत."

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझी चूक. सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

अण्णा मुद्द्यावर आले. "बाई, ते पुस्तक परत मागवा."

"ते येत नाही."

"मी स्वतः जातो. रेल्वेनं. पेन घेऊन."

"त्या इमारतीत पेन घेऊन पुस्तकावर खाडाखोड करू देतील असं वाटतं तुम्हाला?" ताई म्हणाल्या. मग त्यांच्या आवाजात जरा मऊपणा आला. त्यांच्या आवडीचा विषय निघाला की असं होतं. "अहो, ते साधं वाचनालय नाही. अठराशे छत्तीस साली कलकत्त्यात लोकांनी वर्गणी काढून एक ग्रंथालय सुरू केलं. पुढे इंग्रज सरकारने ते आणि आपली सरकारी पुस्तकं एकत्र करून एकोणीसशे तीन साली सर्वांना खुलं केलं. स्वातंत्र्यानंतर तेच राष्ट्रीय ग्रंथालय झालं आणि बेल्व्हेडिअर म्हणून लाटसाहेबाची हवेली होती, तिथे नेलं. एका न्यायाधीशांच्या घरची ऐंशी हजार पुस्तकं आहेत तिथे. ऐंशी हजार! आणि चोपन्न सालचा कायदा आहे. देशात कुठल्याही भाषेत कुणीही पुस्तक काढलं की प्रकाशकाने तीस दिवसांत स्वखर्चाने एक प्रत तिथे पाठवायची. मराठीचा वेगळा विभाग आहे. तिथे तुमची विहीर आहे."

"आन् मी."

"आणि तुम्ही."

"आमच्या गावातल्या किती जणांनी पाठवली अशी पुस्तकं?" अण्णांनी विचारलं.

"पुण्यातले निम्मे प्रकाशक पाठवत नाहीत," श्यामसुंदरराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. "ही एकटी पाळते सगळे कायदे. म्हणून तर तुम्ही सापडलात."

"शिवाय एक प्रत तिथे, आणि तीन आणखी," ताई म्हणाल्या. "मुंबई, चेन्नई आणि दिल्ली. कायद्यातच आहे."

अण्णांनी काठी जमिनीवर आपटली. "चार गावांत मेलोय मी?"

"चार महानगरांत," श्यामसुंदरराव म्हणाले. "सगळ्यांना जमत नाही."

मग अण्णांनी विचारलं, "त्या हवेलीत एखादी अडगळीची खोली न्हाई का? तिथं ठेवायला सांगा. कुणाला दिसणार न्हाई असं."

"खोली आहे," ताई म्हणाल्या. "दोन हजार दहा साली सापडली. तळमजल्यावर. तिला दार नाही, खिडकी नाही, काही नाही. लोकांना वाटलं, इंग्रजांचा खजिना असेल. शेवटी बघितलं तर नुसती माती भरलेली. पाया भक्कम राहावा म्हणून."

"चांगलं काम केलंय," अण्णा म्हणाले. जमीनवाल्या माणसाला ते पटलं. "आमच्या विहिरीतबी बिल्डरनं अशीच माती भरली." पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. "बाई, उपाय सांगा. माझ्याकडं दिस थोडे हायत. उद्या खरंच गेलो, तर पुस्तक खरं ठरंल."

ताईंनी कपाटातून कायद्याचा कागद काढला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दुसरी आवृत्ती काढा. मजकुरात काही बदल नसेल, तर दुसरी आवृत्ती पाठवायची गरज नसते. बदल असेल, तर पाठवावीच लागते, आणि त्यांना ठेवावीच लागते."

"मग बदला की! कै. काढा."

"तेवढ्याने काय होणार? पुस्तक उघडणाऱ्याला कळलं पाहिजे की हा बदल का केला. नोंद नव्याने लिहा. सोजरबाई, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "ताई, माणूस गेला असं समजून मी चांगलं तेवढं लिहिलं. गेलेल्या माणसाबद्दल आमच्यात वाईट बोलत नाहीत. जिवंत माणसाबद्दल लिहायचं तर मग जे झालं ते लिहावं लागेल."

"काय झालं होतं?" ताई एकदम पुढे सरकल्या. श्यामसुंदररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तीस वर्षांत मी त्यांना ते खाली ठेवताना पहिल्यांदाच बघितलं.

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंसाठी आणलेली मेथीची पिशवी घट्ट धरली.

"काय न्हाई झालं," अण्णा उठत म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. मेलोय तेच बरं हाय."

आणि तारेची चप्पल वाजवत ते जिना उतरून गेले.

* * *

काय झालं होतं ते आता सांगायला हरकत नाही, कारण ते आता छापून झालं आहे.

बहात्तर साली गावातल्या सव्वीस विहिरी आटल्या. अकरा नंबरला तेवढं पाणी होतं. अण्णा तेव्हा तिशीचे, अंगाने दांडगे. त्यांना वाटलं, गाव आलं तर दोन महिन्यांत तीही आटेल. पण गावाला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून त्यांनी उठवून दिलं की विहिरीवरच्या चिंचेत हडळ आली आहे.

बायका घाबरल्या. चार दिवस कुणी गेलं नाही. पाचव्या दिवशी घरात प्यायला थेंब नव्हता, तेव्हा आम्ही पाच जणी दिवेलागणीला घागरी घेऊन निघालो. मी एकवीस वर्षांची होते. इंदुबाई होती. हडळीला भ्यायचं की तहानेला, असा प्रश्न होता आणि तहान रोज भेटत होती.

चिंचेखाली पोचलो तर वरून पैंजण वाजले. बघितलं तर विहिरीवर आलेल्या फांदीवर काहीतरी पांढरं. इंदुबाईने घागर टाकली. तेवढ्यात फांदी कडाड मोडली आणि हडळ विहिरीत पडली. आतून आवाज आला, "मेलो, मेलो, आय गं!" हडळ एवढ्या घोगऱ्या आवाजात ओरडत नाही. शिवाय त्या आवाजाने रोज सकाळी बैलांना शिव्या घातलेल्या आम्ही ऐकत होतो.

आम्ही वाकून बघितलं. पांढरं धोतर अंगावर गुंडाळलेले कचरूअण्णा पाण्यात उभे, हातात जयावहिनींचे पैंजण. पाणी कमरेएवढं होतं, म्हणून घाई नव्हती.

ओरडा ऐकून जयावहिनी धावत आल्या. खाली बघितलं. आम्हाला वाटलं, आता रडतील. त्यांनी दोर उचलला, हातात धरला, पण खाली सोडला नाही.

"आधी वचन द्या," त्या विहिरीत वाकून म्हणाल्या. "पाऊस पडंस्तवर विहीर समद्यांना खुली."

"आधी वर काढ!"

"आधी वचन. आन् माझं पैंजण भिजवू नका."

अर्धा तास लागला. अण्णांनी आधी फक्त आपल्या भावकीला पाणी देऊ केलं, मग आळीला, मग अर्ध्या गावाला. आम्ही पाच जणी आणि वहिनी कठड्यावर बसून होतो. शेवटी चिखलात पाय रुतायला लागले तेव्हा ते "समद्यांना" म्हणाले. मग सहा बायकांनी त्यांना दोराने वर ओढलं. वर येताच वहिनींनी आम्हा पाच जणींचे हात धरले आणि म्हणाल्या, "हे गावात बोलू नका. ह्यांना गावात तोंड दाखवता आलं पायजे." आम्ही शब्द दिला. पन्नास वर्षं पाळला. इंदुबाईनेसुद्धा पाळला, यावरून शब्द किती पक्का होता ते कळावं.

दुष्काळभर गाव त्या विहिरीवर जगलं. ती आटली नाही. लोक आजही म्हणतात, कचरूअण्णा म्हणून गाव तरलं.

* * *

आठ दिवसांनी अण्णा परत आले. लिफ्ट चालू होती. तरी ते आले तेव्हा दमलेले होते. मी चहा टाकला. ते बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"सोजर, ते पुस्तक परत वाच."

"आता काय राहिलंय अण्णा?"

"शेवटची ओळ वाच."

"त्यानंतर दोन वर्षांनी श्रीमती जयाबाईही गेल्या."

"श्रीमती," अण्णा म्हणाले. "म्हंजे रांडाव."

खरं सांगायचं तर त्या शब्दाचा मी विचारच केला नव्हता. अण्णा गेलेले, म्हणून वहिनी श्रीमती. चिठ्ठीवर खूण करावी तसं लिहून मोकळी झाले होते.

"ती सवाष्ण गेली," अण्णा म्हणाले. "करोनात. दवाखान्यातनं त्या पांढऱ्या पिशवीत दिली. तोंड दाखवलं न्हाई. हिरवं लुगडं न्हाई, मळवट न्हाई. मच्छिंद्रनं लांबनं अग्नी दिला. मी पिशवीवर, बाहेरनं, कुंकू लावलं. तिथला माणूस म्हणला, 'काका, हात लावू नका.' मी म्हणलं, 'त्रेपन्न वर्सं लावलाय.'" त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "तिला तेवढंच पायजे हुतं. माझ्या आधी जायाचं. रोज देवाला तेच सांगायची. मी म्हणायचो, एवढी घाई हाय का? आन् आता कलकत्त्यात बसून कुणी वाचलं, तर ती इधवा."

मी पंचवीस वर्षं श्रीमती आहे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, आणि कुणी वाटायला लावलं तर त्याला मी पेठेतल्या गिऱ्हाइकासारखी सरळ करते. ते मी अण्णांना म्हटलंही.

"तुझं येगळं हाय," ते म्हणाले. "तुझं खरं हाय. तिचं खोटं हाय."

मी चिठ्ठ्यांचं खोकं पुढे ओढलं.

"मग लिहू सगळं?" मी विचारलं. "हडळीसकट?"

"लिव्ह."

"वहिनींना शब्द दिलाय."

"त्यो शब्द माझ्यासाठी हुता. मी सोडला." त्यांनी बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "आन् ते उदार बिदार काढ. विहीर तिनं खुली केली. दोर तिच्या हातात हुता. मी खाली हुतो."

त्या दुपारी आम्ही दोघं ताईंकडे बसलो आणि नोंद नव्याने लिहिली. म्हणजे मी लिहिली आणि अण्णा भांडले. हडळीला त्यांची हरकत नव्हती. पैंजणांनाही नव्हती. पाण्यावर मात्र अडून बसले.

"कमरेएवढं काय लिव्हतीस? गळ्याएवढं हुतं."

"अण्णा, मी वरून बघत होते."

"मी आतनं बघत हुतो!"

ताई म्हणाल्या, "तिसरं ठिकाण हवं. स्वतंत्र." मग इंदुबाईला फोन लावला. अण्णा जिवंत आहेत यावर तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता, पण पाण्याबद्दल ती ठाम होती.

"गुडघ्याएवढं," ती म्हणाली. "उगं आरडत हुते."

"इंदूचं बाद करा," अण्णा म्हणाले. "तिनं एकदा मारलंय मला."

ताईंनी कुणाचंच बाद केलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत पान एक्केचाळीसवर तिन्ही मापं छापली आहेत, ज्याने त्याने आपलं निवडावं. विहिरीत उतरून खात्री करायची सोय नाही. तिच्यावर आता बी विंगचं पार्किंग आहे. नोंदीची सुरुवात अशी आहे: 'विहीर क्रमांक अकरा. ही विहीर बहात्तरच्या दुष्काळात कै. सौ. जयाबाई यांनी सर्वांना खुली केली. त्यांचे पती कचरूअण्णा त्या वेळी विहिरीत होते.' आणि शेवटी: 'पहिल्या आवृत्तीत कचरूअण्णांचे निधन झाल्याचे लिहिले होते. ती चूक लेखिकेची. ते बिबवेवाडीत राहतात.'

पुस्तक छापून आलं तसं ताईंनी चार पाकिटं केली आणि आम्ही पोस्टात गेलो. कलकत्त्याचं पाकीट अण्णांनी स्वतः खिडकीत दिलं. देण्याआधी त्यांनी विचारलं, "बाई, हे पोचल्यावर ते आधीचं काढून टाकतील ना?"

"छे," ताई म्हणाल्या. "दोन्ही ठेवतील. तिथे चुकीचं म्हणून काही काढत नाहीत. एकाशेजारी एक."

मला वाटलं, आता पाकीट मागे घेतात. अण्णांनी विचार केला.

"म्हंजे एक चांगला मेलेला आन् एक लबाड जित्ता."

"तसंच."

"असू दे," ते म्हणाले. "पर दुसऱ्यात ती बरोबर हाय." आणि पाकीट खिडकीत सरकवलं.

महिन्याभराने पोच आली. अण्णांनी तिच्यावर प्लॅस्टिक चढवून घेतलं.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. सकाळी मी बसमध्ये होते आणि इंदुबाईचा फोन आला. आवाज कापत होता.

"सोजर, या टायमाला खरंच गं. केसनंद फाट्यावर फ्लेक्स हाय. अण्णाचा फोटो, हार, समदं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"पूर्ण वाचलंस?"

"रिक्षात हुते. रिक्षा थांबली न्हाई."

बस फाट्यावर आली. मी खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागले. 'आपल्या सर्वांचे लाडके कचरूअण्णा यांची देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नोंद झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' अण्णांच्या शेजारी जयावहिनींचा फोटो. खाली, 'कै. सौ. जयाबाई यांच्या स्मरणार्थ'. दोन्ही फोटोंना झेंडूचे सारखे हार. त्याखाली हात जोडलेली माणसं. या वेळी चौदा होती.

आणि त्याखाली खरे अण्णा उभे होते. फ्लेक्सवाला शिडीवर चढला होता आणि अण्णा त्याला काठीने दाखवत होते.

"माझा हार झाक. कशानंबी झाक, कागद चिकटव. तिचा असू दे. तिचा नीट हाय."

मी तिथेच उभी राहून बघत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. आळीतली एक होती. "सोजरबाई, कचरूअण्णा गेले म्हणं. खरं का?" तिला सांगेपर्यंत दुसऱ्याचा आला. त्याला इंदुबाईने सांगितलं होतं. तिसरा फोन वाजला तेव्हा मी तो उचललाच नाही. तशीच पुढे गेले आणि अण्णांच्या हातात दिला.

"बोला," मी म्हटलं. "तुमच्याबद्दलच आहे."